प्रा. के. राममूर्ती यांचा ‘रॉकेट प्रणोदन’ अभ्यासक्रम : एका शिक्षकाचे परीक्षण

मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे औष्णिक अभियांत्रिकी शिकवत आलो आहे. वाफेची टर्बाइन, अंतर्ज्वलन इंजिने, कॉम्प्रेसर, प्रशीतन असा आमचा नेहमीचा प्रपंच असतो. जेट आणि रॉकेट यांच्या वाट्याला सत्राच्या अगदी शेवटी, परीक्षा तोंडावर आलेली असताना, जेमतेम चार तास येतात. त्या चार तासांत दोन आकृत्या काढायच्या, एक सूत्र लिहून द्यायचे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे, हा आमचा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले की, हायड्रोजन पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या आठपट ऑक्सिजन लागतो, मग अतिथंड द्रव हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनात पाच-सहापटच का घेतात, बाकीचा हायड्रोजन वाया जात नाही का? मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही.

त्यानंतर प्रथम मी एका खाजगी संस्थेच्या सशुल्क ऑनलाइन वर्गाला पैसे भरले. तिथे प्रत्येक घटकाखाली सूत्रांची एक यादी आणि स्पर्धा परीक्षांत आलेली उदाहरणे झटपट सोडवण्याच्या युक्त्या होत्या, माझ्या प्रश्नाला मात्र कुठेच जागा नव्हती. मग गेल्या पावसाळ्यात आयआयटी मद्रासच्या यांत्रिकी अभियांत्रिकी विभागातील प्रा. के. राममूर्ती यांचा रॉकेट प्रणोदनावरील, म्हणजे रॉकेटला पुढे ढकलण्याच्या शास्त्रावरील, अभ्यासक्रम पहिल्या व्याख्यानापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने पाहिला. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेल्या एनपीटीईएल या उपक्रमातला हा अभ्यासक्रम असून तो यूट्यूबवर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. व्याख्याने चाळीसच्या आसपास आहेत आणि एकेक जवळपास तासभराचे आहे. वही-पेन घेऊन बसलो तर आठवड्याला चार या गतीने अडीच-तीन महिने लागतात, आणि वही-पेन न घेता हा अभ्यासक्रम पाहण्यात फारसा अर्थ नाही.

परीक्षण करताना आधी शिक्षकाविषयी सांगितले पाहिजे, कारण या अभ्यासक्रमाचे जे काही वेगळेपण आहे ते त्यांच्या कारकिर्दीतून आलेले आहे. आपल्याकडे यांत्रिकीच्या प्राध्यापकाचा नेहमीचा मार्ग पदवी, पदव्युत्तर पदवी, डॉक्टरेट आणि लगेच अध्यापन असा सरळ असतो. राममूर्ती वर्गात आले ते इस्रोच्या द्रव प्रणोदन प्रणाली केंद्रातून. रॉकेट इंजिनांच्या विकासाचे काम त्यांनी आधी केले आणि त्या कामाचे शास्त्र आयआयटीच्या वर्गात नंतर शिकवले. याच विषयावर त्यांचे पाठ्यपुस्तकही आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. केवळ ग्रंथांतून शिकलेला शिक्षक ‘हे समीकरण असे सिद्ध होते’ इथे थांबतो; ज्याच्या डोळ्यांसमोर इंजिन चाचणीच्या मंचावर पेटले आहे, तो ‘यातले कोणते गृहीतक आधी मोडते’ हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. प्रॉपेलंटांविषयीच्या (इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिजनसारखा पदार्थ यांविषयीच्या) व्याख्यानांच्या शीर्षकांतच ‘निवड’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि माझ्या मते तोच साऱ्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. प्रॉपेलंट कोणते निवडायचे, नॉझल (तप्त वायू बाहेर सोडणारे तोंड) किती लांब ठेवायचे, पंप कोणत्या पद्धतीने फिरवायचा, अशा प्रत्येक ठिकाणी काहीतरी मिळवण्यासाठी काहीतरी सोडावे लागते आणि ते सोडणे आकड्यांत मोजता यावे लागते.

सुरुवात इंजिनापासून होत नाही, हे मला प्रथम खटकले होते. पहिली काही व्याख्याने कक्षा, फिरती संदर्भचौकट आणि उपग्रहाला लागणारा वेग यांवर आहेत. यांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे भौतिकशास्त्राच्या तासासारखे वाटेल. पण इंजिनाने नेमके किती काम करायचे आहे हे ठरल्याशिवाय इंजिनाची चर्चा पोकळ राहते, ही त्यामागची भूमिका दोन-तीन व्याख्यानांनंतर ध्यानात येते. पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरण्यासाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. गुरुत्वाकर्षणाशी झगडताना आणि हवेतून वाट काढताना होणारा तोटा धरला तर रॉकेटकडून मागायचा एकूण वेग सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटरपर्यंत जातो. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे यात थोडी मदत करते. विषुववृत्तावर ही मदत सेकंदाला ४६५ मीटर आहे, तर श्रीहरिकोटा सुमारे १३.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तिथून पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला सुमारे ४५० मीटर मिळतात. हे गणित मी वहीत केले तेव्हा प्रक्षेपणकेंद्र पूर्व किनाऱ्यावर का, याचे उत्तर विद्यार्थ्यांना एका ओळीत देता येईल असे लक्षात आले.

त्यानंतर रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोवस्की यांचे १९०३ मधले प्रसिद्ध समीकरण येते; बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग आणि रॉकेटचे सुरुवातीचे व शेवटचे वजन यांवरून रॉकेटला किती वेग मिळेल हे ते सांगते. ते सर्वांना पाठ असते, पण त्याचा धाक फार थोड्यांना जाणवलेला असतो. नॉझलमधून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो असे धरा आणि एकाच टप्प्यात ९.४ किलोमीटर वेग मागा. उड्डाणावेळचे वजन शेवटी उरणाऱ्या वजनाच्या जवळजवळ २३ पट असावे लागते. म्हणजे शंभरातले साडेपंच्याण्णव भाग प्रॉपेलंट, आणि उरलेल्या साडेचार भागांत टाक्या, इंजिन, वायरिंग आणि उपग्रह. असे रॉकेट बांधता येत नाही. हायड्रोजन-ऑक्सिजन वापरून वायूचा वेग ४.४ किलोमीटर केला तर हेच गुणोत्तर साडेआठपर्यंत उतरते, पण तरीही शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग प्रॉपेलंटलाच जातात. टप्प्याटप्प्यांचे रॉकेट का बांधतात हे यापुढे वेगळे सांगावे लागत नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचे चार टप्पे, त्यातही घन, द्रव, घन, द्रव अशी आळीपाळीची रचना, हे सारे या समीकरणाशी केलेल्या वाटाघाटींतून आले आहे.

नॉझलवरची व्याख्याने चांगली आहेत, पण वायुगतिकीचा पाया कच्चा असलेल्याला ती जड जातील. ध्वनीच्या वेगाखालचा आणि वरचा प्रवाह, अरुंद गळ्यापाशी नेमका ध्वनीचा वेग येणे, गळ्यानंतर वाढत्या छेदात वायूचा वेग घटण्याऐवजी वाढणे, इतके तरी आधी येत असावे. मला विशेष आवडला तो शंकूच्या आकाराच्या नॉझलमधला तोटा. वायू सरळ मागे न जाता थोडा बाजूंना पसरतो आणि तेवढा रेटा फुकट जातो. अक्षाशी १५ अंशाचा कोन असेल तर हा तोटा फक्त १.७ टक्के भरतो, ३० अंशांना तोच ६.७ टक्के होतो. मग कोन लहानच का ठेवू नये? कारण नॉझल लांब होते आणि वजन वाढते. घंटेच्या आकाराचे नॉझल या पेचातून जन्माला येते. जमिनीवर चालणाऱ्या इंजिनाचे नॉझल तुलनेने आखूड आणि निर्वातात चालणाऱ्याचे मोठे का, हाही भाग याच ओघात येतो. आपल्या ‘विकास’ या द्रव इंजिनाची जीएसएलव्ही रॉकेटच्या बाजूच्या बूस्टरांतली आणि पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातली रूपे शेजारी ठेवून पाहिली तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर प्रॉपेलंट निवडीच्या व्याख्यानांत मिळाले. बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग केवळ तापमानावर ठरत नाही. तापमान आणि वायूचा रेणुभार यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर तो ठरतो. हायड्रोजन पूर्ण जाळला तर ज्वलनकक्षात जवळजवळ सगळी वाफ होते आणि तिचा रेणुभार १८ असतो. थोडा हायड्रोजन न जळता राहू दिला तर तापमान काहीसे उतरते, परंतु २ रेणुभाराचा हलका वायू मिसळल्याने सरासरी रेणुभार त्याहून झपाट्याने उतरतो आणि वेग वाढतो. वाया गेलेला वाटणारा हायड्रोजन प्रत्यक्षात रेटा वाढवत असतो. शिवाय कक्षाच्या भिंतीही कमी तापतात. मग आणखी हायड्रोजन का घालू नये, हा पुढचा प्रश्न. द्रव हायड्रोजनची घनता घनमीटरला जेमतेम ७१ किलो असते, त्यामुळे टाकी अवाढव्य होते आणि तिचे वजन मिळालेला फायदा खाऊन टाकते. दोन्ही बाजूंचे हिशेब करून पाच-सहाच्या आसपास थांबावे लागते. हे मी आता वर्गात वीस मिनिटांत सांगतो, आणि ‘जास्त तापमान म्हणजे चांगले इंजिन’ हा उष्णता-इंजिनांच्या कार्नो सिद्धांताने आमच्या मनात घट्ट रुजवलेला समज त्या वीस मिनिटांत थोडा सैल होतो.

घन प्रॉपेलंटच्या भागात मी सर्वांत जास्त वेळ घालवला. आपल्या मराठी वाचकाला या विषयाशी जवळीक वाटावी असे कारणही आहे, कारण भारतीय अवकाश कार्यक्रमातील घन प्रॉपेलंटच्या विकासात डॉ. वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा होता आणि १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन प्रॉपेलंट असते, आणि अशा मोटारींची पोलादी कवचे बनवणाऱ्या कारखान्यांत इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा समावेश आहे. तेव्हा नळकांड्यात दारू ठासून वात पेटवणे एवढ्यावर ज्यांची कल्पना थांबते, त्यांनी हा भाग जरूर पाहावा.

घन प्रॉपेलंटच्या पृष्ठभागाचा जळण्याचा वेग कक्षातल्या दाबाच्या एका घातावर अवलंबून असतो. दाब वाढला की जळणे वाढते, जळणे वाढले की वायू जास्त तयार होतो, वायू वाढला की दाब वाढतो. हे चक्र कुठेतरी थांबायला हवे. नॉझलमधून बाहेर जाणारा वायू दाबाच्या सरळ प्रमाणात वाढतो. म्हणून घातांक एकापेक्षा कमी असेल तरच निर्मिती आणि निचरा यांचा मेळ बसतो आणि दाब एका जागी ठरतो. इथवर कोणतेही पुस्तक सांगते. पण घातांक एकापेक्षा किती कमी हवा? मी एक उदाहरण घेतले. प्रॉपेलंटच्या ठोकळ्याला तडा गेला आणि जळणारे क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी वाढले. घातांक ०.३ असेल तर दाब सुमारे ७ टक्के वाढतो आणि मोटार ते सोसून नेते. घातांक ०.७ असेल तर तोच तडा दाब १८ टक्क्यांनी वाढवतो. घातांक ०.९ असेल तर वाढ ६३ टक्के होते आणि कवच फुटण्याची वेळ येते. तडा तोच, पोलाद तेच. फरक फक्त रसायनाच्या स्वभावाचा. ठोकळा ओतताना आत बुडबुडा राहू नये, कवचाच्या अस्तरापासून तो कुठे सुटू नये, यासाठी क्ष-किरणांनी एवढी तपासणी का करतात, हे या तीन आकड्यांनंतर विद्यार्थ्याला पटवून द्यावे लागत नाही. ठोकळ्याच्या मधल्या पोकळीचा आकार कधी ताऱ्यासारखा तर कधी साधा गोल ठेवून रेटा काळानुसार कसा वाढवायचा किंवा सपाट ठेवायचा, हा भागही सुरेख आहे. मी त्याच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करून वर्गात ठेवल्या आहेत.

द्रव इंजिनांत प्रवेश करताना मला आमच्या घरातला पितळी पंपाचा स्टोव्ह आठवला. टाकीत हवा भरून दाब द्यायचा आणि त्या दाबाने रॉकेल वर चढवायचे, ही दाबावर चालणारी पुरवठा पद्धत झाली. ती साधी आणि भरवशाची असते, पण साऱ्या टाकीला तो दाब सोसावा लागत असल्याने टाकी जाड करावी लागते. स्टोव्हला ते चालते, मोठ्या रॉकेटला चालत नाही. म्हणून टाकी पातळ ठेवून दाब पंपाने निर्माण करायचा, आणि तो पंप फिरवायला टर्बाइन लावायची. टर्बाइनला गरम वायू कुठून द्यायचा, यावरून दोन प्रमुख चक्रे ठरतात. थोडे प्रॉपेलंट बाजूला जाळून टर्बाइन फिरवायची आणि तो वायू बाहेर सोडून द्यायचा, हे गॅस जनरेटर चक्र. टर्बाइनमधून आलेला वायू मुख्य कक्षातच पुन्हा जाळायचा, हे स्टेज्ड कम्बशन चक्र. दुसऱ्यात काहीच वाया जात नाही, त्यामुळे कामगिरी सरस ठरते. मात्र पंप, टर्बाइन आणि कक्ष एकमेकांत इतके गुंततात की एकाची चाचणी दुसऱ्यापासून सुटी करून घेणे अवघड होते.

या दोन चक्रांचे गणित पाहताना भारताच्या दोन क्रायोजेनिक इंजिनांची आठवण ठेवावी, अशी माझी सूचना आहे. जीएसएलव्हीच्या वरच्या टप्प्यातले सीई-७.५ हे स्टेज्ड कम्बशन पद्धतीचे आहे. त्या स्वदेशी टप्प्याचे पहिले उड्डाण १५ एप्रिल २०१० रोजी इंधनाच्या बूस्टर टर्बोपंपातील (टर्बाइनने फिरणाऱ्या पंपातील) बिघाडामुळे अयशस्वी ठरले आणि यश आले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. त्यानंतरच्या एलव्हीएम-३ रॉकेटसाठी बनवलेल्या सीई-२० इंजिनात रेटा कितीतरी मोठा, म्हणजे सुमारे २०० किलोन्यूटन असूनही गॅस जनरेटर चक्र निवडले गेले. कामगिरीतले थोडेसे सोडले आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासून घेण्याची सोय मिळवली. वर्गात शिकवले जाणारे चक्रांचे विश्लेषण आणि एका देशाने केलेली निवड यांतले हे नाते ज्याला दिसेल, त्याला टर्बोपंपाचे समीकरण रुक्ष वाटणार नाही.

शून्य गुरुत्वाच्या अवस्थेत टाकीतले द्रव पंपाच्या तोंडाशी कसे आणायचे, यावरचा भाग छोटा असला तरी चुकवू नये. बादलीतले पाणी तळाशी असते, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की अंतराळात ‘तळ’ असा नसतोच हे ऐकून हसू येते. छोटे थ्रस्टर (लहान रेट्याची इंजिने) पेटवून द्रव एका बाजूला बसवून घेणे किंवा पृष्ठताणाचा उपयोग करून ते जाळीने धरून ठेवणे, असे उपाय करावे लागतात. हायड्रॅझिन हे इंधन उत्प्रेरकावर सोडून विघटित करणारे एकाच द्रवाचे छोटे थ्रस्टर याच टप्प्यावर येतात.

आता ज्या भागासाठी मी हा अभ्यासक्रम पुन्हा पाहीन, त्याविषयी. ज्वलनातल्या अस्थिरतेवरची शेवटाकडची व्याख्याने हा या अभ्यासक्रमाचा कळस आहे. पदवीच्या पातळीवर हा विषय सहसा एका परिच्छेदात उरकतात. इथे साधा नमुना घेऊन सुरुवात होते, मग साऱ्या कक्षातला दाब एकदम वरखाली होणारा प्रकार येतो आणि शेवटी कक्षात ध्वनिलहरी उभ्या राहण्याचा प्रकार येतो. पहिल्या प्रकाराचे मूळ विलंबात आहे. इंजेक्टरमधून, म्हणजे कक्षाच्या फवाऱ्यातून, द्रव आत येते, त्याचे थेंब होतात, वाफ होते, मग ते जळते. यात काही मिलिसेकंद जातात. कक्षातला दाब क्षणभर उतरला की जास्त द्रव आत शिरते, पण ते जळेपर्यंत दाब पुन्हा चढणीला लागलेला असतो आणि उशिरा जळलेले ते द्रव त्या चढणीला आणखी जोर देते. स्टोव्ह भकभक करू लागतो तशीच ही भकभक, फक्त टनावारी रेट्याची. इंजेक्टरवरची दाबाची उतरण पुरेशी मोठी ठेवली की कक्षातली चढउतार मागे पुरवठ्यापर्यंत पोचत नाही. पण तेवढी उतरण मिळवायला पंपाला जास्त शक्ती द्यावी लागते, आणि इथेही पुन्हा निवड आलीच.

दुसरा प्रकार जास्त भयंकर आहे. बंद कक्षाला स्वतःचे सूर असतात. कक्षाचा व्यास अर्धा मीटर आणि तप्त वायूतला ध्वनीचा वेग सेकंदाला १,२०० मीटर धरला, तर परिघाच्या दिशेने हेलकावणाऱ्या पहिल्या लहरीची वारंवारता सेकंदाला सुमारे १,४०० आवर्तने येते. लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये सांगितलेला निकष असा की, दाब चढलेला असताना त्याच क्षणी उष्णता मिळाली तर लहर फोफावते. एकदा ती फोफावली की भिंतीलगतचा संरक्षक थर उडतो आणि धातू सेकंदाच्या अल्पांशात वितळू शकतो. अमेरिकेच्या सॅटर्न-५ या चांद्ररॉकेटच्या एफ-१ इंजिनाच्या बाबतीत अभियंत्यांनी चालू कक्षात मुद्दाम छोटे स्फोट घडवून लहरी उठवल्या, त्या आपोआप शमतात का हे पाहिले, आणि सुमारे दोन हजार पूर्णाकृती चाचण्यांनंतर इंजेक्टरवरच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची रचना पक्की केली. युरोपच्या आरियान रॉकेटचे २३ मे १९८० चे दुसरे उड्डाण याच कारणाने फसले. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या व्हायकिंग इंजिनांपैकी एकात ही अस्थिरता उद्भवली होती, आणि आपले विकास इंजिन त्याच व्हायकिंगच्या तंत्रज्ञानातून आलेले आहे. हे माहीत असले की त्या व्याख्यानांतल्या फळ्याएवढ्या समीकरणांकडे पाहण्याची नजर बदलते. समीकरणे मात्र सोपी नाहीत. मला एक व्याख्यान तीनदा थांबवत-थांबवत पाहावे लागले आणि अजूनही एक पायरी पूर्ण उमगली आहे असे म्हणवत नाही.

विद्युत थ्रस्टरांचा भाग त्यामानाने थोडक्यात आहे. ओळख होते, त्यावर काम करायचे असेल तर दुसरीकडे जावे लागेल. संकरित (घन इंधन आणि द्रव ऑक्सिडायझर वापरणाऱ्या) रॉकेटचेही तसेच.

मर्यादांकडे वळतो. ही व्याख्याने दशकाहून जुनी आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा उभा परत उतरला आणि त्यानंतर इंजिन पुन्हा पुन्हा वापरण्याचा, रेटा कमीजास्त करण्याचा, मिथेन वापरण्याचा प्रश्न मध्यवर्ती झाला. तो या अभ्यासक्रमात शोधू नये. आयआयटी मद्रासच्याच परिसरात वाढलेल्या अग्निकुल कंपनीने ३० मे २०२४ रोजी एकसंध त्रिमितीय छपाईने बनवलेले इंजिन उडवले, तेही साहजिकच नाही. पण रॅलेचा निकष किंवा जळण्याच्या वेगाचा घातांक जुना होत नाही, त्यामुळे पायासाठी हे वय आड येत नाही. दुसरी गोष्ट भाषेची. सारे इंग्रजीत आहे, आणि तंत्रनिकेतनातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना एकेक तास सलग ऐकणे जड जाते. मी वीस-वीस मिनिटांचे तुकडे दाखवून मध्ये मराठीत चर्चा घेतो. तिसरी गोष्ट, स्पर्धा परीक्षेची झटपट तयारी करणाऱ्याला इथे सरावाचा साठा मिळणार नाही. संथपणे एका प्रश्नामागून दुसरा प्रश्न उभा करत जाण्याची ही पद्धत त्याला वेळखाऊ वाटेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही आहे.

याच शिक्षकांचा स्फोट आणि स्फोटसुरक्षा यांवरचा दुसरा अभ्यासक्रमही एनपीटीईएलवर आहे, आणि या कारकिर्दीचे दुसरे अंग पाहायचे तर तो जोडीने पाहावा. रॉकेटच्या कक्षात ऊर्जा आपल्या हुकमाने सुटते, स्फोटात ती बेबंद सुटते. शास्त्र बरेचसे एकच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र असताना काय झाले, हे ऐकत मोठी झालेली घरे आपल्याकडे आहेत. धक्कालहर अंतरागणिक कशी विरते, याचे गणित त्या घरांतल्या मुलांना निव्वळ गणित वाटणार नाही. रासायनिक कारखान्यांत नोकरी करणाऱ्या यांत्रिकी अभियंत्यांना तर रॉकेटपेक्षा हाच अभ्यासक्रम अधिक उपयोगी पडेल.

मूल्यमापन द्यायचेच तर तृतीय आणि अंतिम वर्षाच्या यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्याहून अधिक त्यांच्या शिक्षकांसाठी, मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कापला तो विद्युत प्रणोदनाच्या त्रोटकपणासाठी. ज्यांच्याकडे सारे पाहण्याइतका वेळ नाही त्यांनी रॉकेट समीकरण आणि टप्पे यांवरचे व्याख्यान, इंधन जास्त ठेवण्यावरचे व्याख्यान, घन प्रॉपेलंटचा समतोल दाब, पुरवठ्याची चक्रे आणि अस्थिरतेची व्याख्याने, एवढी तरी याच क्रमाने पाहावीत. त्या विद्यार्थिनीला मी इंधन जास्त ठेवण्यावरच्या व्याख्यानाचा दुवा पाठवला. दोन दिवसांनी तिचा पुढचा प्रश्न आला: मिश्रणाचे प्रमाण कक्षाच्या मध्यभागी आणि भिंतीजवळ वेगवेगळे ठेवले तर एकूण कामगिरी किती घटते? त्यावरही एक व्याख्यान आहे, इंजेक्टरांच्या पुढचे. ते मी तिच्याबरोबर पुन्हा पाहणार आहे.